कोल्हासुराचं नाव आणि युधिष्ठिराचा हिशेब

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि मला दोन तऱ्हेचे फोन आले. पहिला, ‘देवादिकांची टिंगल करणार असाल तर आम्ही पुढच्या रांगेत येऊन बसू.’ दुसरा, ‘जरा जोरात करा, आम्ही पुढच्या रांगेत येऊन बसू.’ म्हणजे पुढची रांग भरणार एवढं तरी नक्की झालं. (हशा) दोन्ही पक्षांना आधीच सांगतो, दोघांचीही थोडी निराशा होणार आहे. आज मी पुराणातल्या लढाया वाचणार आहे त्या आमच्या आज्जीच्या पद्धतीनं, आणि आमची आज्जी रोज पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी बाई होती.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. करवीर माहात्म्यातली कथा तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. कोल्हासुराचा मुलगा करवीर. त्याला शंकरानं मारलं. आता बापाला राग येणारच. पण हा गडी सरळ अंगावर धावून गेला नाही. तो देवीकडं गेला आणि म्हणाला, मला शंभर वर्षांची सवड दे, तोवर या भागात फिरकू नकोस. देवीनं मान्य केलं! अतिक्रमण काढायला मुदत देतात, मग मुदतवाढ देतात, तसाच हा प्रकार. (हशा) शंभर वर्षं त्यानं हवा तो धुमाकूळ घातला. मुदत संपल्यावर देवी आली, युद्ध झालं, कोल्हासुर पडला. मरता मरता त्यानं दोन गोष्टी मागितल्या. या क्षेत्राला माझं नाव राहावं, आणि दरवर्षी मला कोहळ्याचा बळी मिळावा. देवीनं दोन्ही दिल्या.

आता जरा थांबा. जगातल्या लढायांचा रिवाज काय? जिंकणारा गावाचं नाव बदलतो. हरणाऱ्याचं नाव पुसतो. आणि इथं जिंकलेल्या देवीला मंदिर मिळालं, हरलेल्या असुराला अख्खं शहर. हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. बिहारातलं गया घ्या, ते गयासुराचं. म्हैसूर महिषासुराचं. पंजाबातलं जालंधर, तेही जालंधर दैत्याचं सांगतात. तह करण्यात असुरांचा हात कुणी धरू शकत नव्हतं, असं तरी म्हणावं लागेल, नाहीतर दुसरी शक्यता बघावी लागेल. गावाचं नाव आधी होतं आणि त्या नावाला शोभेल असा असुर नंतर तयार झाला.

मला दुसरी शक्यता जास्त पटते. जुन्या शिलालेखांत आपल्या गावाचं नाव ‘कोल्लापूर’ असं येतं. काही अभ्यासक हा ‘कोल्ल’ कन्नडाकडं नेतात, खोलगट जागा, दरी अशा अर्थाकडं. पंचगंगेच्या काठचं, तळ्यांनी भरलेलं हे गाव. रंकाळा आजही आहे, पण पूर्वी इथं किती तळी होती ते जुन्या पेठांतल्या माणसांना विचारा. खोलगट जागेतलं गाव म्हणून कोल्लापूर. पुढं त्या शब्दाचा अर्थ लोकांच्या विस्मरणात गेला. अर्थ विसरलेलं नाव फार दिवस रिकामं राहत नाही, त्यात कुणीतरी राहायला येतं. इथं कोल्हासुर आला.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी या असुरांकडं बघण्याची एक नजर आपल्याला दिली. पुण्याच्या आसपासच्या गावांतून ते पायी हिंडत. ग्रंथात देवी महिषासुराला मारते, आणि गावाच्या वेशीवर तोच रेडा म्हसोबा होऊन शेंदूर लावून बसलेला असतो. पुरंदर तालुक्यात वीरला म्हस्कोबाचं दरवर्षी देवीशी लग्न लागतं. ग्रंथात वध आणि गावात वरात! अशा ठिकाणी कोसंबी सांगत, की एका लोकसमूहाचा देव आणि दुसऱ्याची देवी एकत्र कशी आली, त्याचा हा ठसा आहे. कधी भांडून आली, कधी सोयरीक करून. आपल्या कोल्हासुराला नाव मिळालं, वर्षाचा कोहळा मिळाला. एवढं मानपान मिळालेला माणूस नुसता शत्रू होता यावर माझा विश्वास बसत नाही. तो इथला कुणीतरी होता.

आता आज्जीकडं येतो. ही कथा इथं संपत नाही. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्याच्या हाती योगदंड लागला आणि त्यानं सगळ्या देवांची मेंढरं केली. अंबाबाईसकट. (सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलतो, पण मेंढरं सगळीकडं आहेत.) तेव्हा त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाई, म्हातारीचं रूप घेऊन गेली, युक्तीनं तो दंड काढून घेतला आणि देवांना सोडवलं. मी सहा-सात वर्षांचा असेन. मी विचारलं, ‘आज्जी, मेंढरं झालेल्या देवांना वैरण कोण घालत होतं?’ आज्जीनं डोळे वटारले. ‘गप बस. देवाच्या गोष्टीत वैरण विचारत्यात व्हय?’ मग थोडा वेळ वाती वळत बसली आणि आपणच म्हणाली, ‘खरं इचारलंस म्हणा. कोणतरी घालत असंलच की. त्याचं नाव कोण सांगतंय.’

मंडळी, आजचं माझं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर उभं आहे. अस्त्रं, रथ, राक्षस, सगळं असू द्या. वैरणीचं काय ते सांगा.

तर ही वैरण घेऊन आपण कुरुक्षेत्रावर जाऊ.

भारतीय युद्धात अठरा अक्षौहिणी सैन्य होतं. पांडवांकडं सात, कौरवांकडं अकरा. अक्षौहिणी म्हणजे किती हे आदिपर्वातच सांगितलेलं आहे. २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडेस्वार आणि १,०९,३५० पायदळ. याला अठरानं गुणा. हत्ती होतात ३,९३,६६०. २०१७ च्या गणतीत आपल्या देशात रानात जेवढे हत्ती होते, सत्तावीस हजारांच्या आसपास, त्याच्या चौदापट. एक हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलो चारा खातो. म्हणजे रोज एकोणसाठ हजार टन! आपल्याला टनाची भाषा कारखान्यामुळं लगेच कळते. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना धरा. असे बारा कारखाने दिवसभर जेवढा ऊस गाळतील, तेवढं नुसतं हत्तींना लागणार. तेही अठरा दिवस, एकही चक्का जाम न होता. (मोठा हशा)

रथांचं बघा. रथ आणि पुढं जुंपलेले चार घोडे, मिळून लांबी पाच मीटर धरली, कंजूषपणा करून. सगळे रथ एकामागोमाग उभे केले तर रांग होते १,९६८ किलोमीटर. म्हणजे पहिला रथ कुरुक्षेत्रावर पोचलेला असेल आणि शेवटचा अजून आपल्या तावडे हॉटेलपाशी वळतोय. शंख फुंकला तरी ऐकू जायचं नाही. स्वारांचे आणि रथांचे मिळून सत्तावीस लाखांवर घोडे होतात. त्यांच्या पाण्याचा हिशेब मी केला होता, पण थेट पाइपलाइनची वाट बघितलेल्या गावात तो सांगणं बरं नव्हे.

कुणी म्हणेल, त्या काळी सगळंच भव्य होतं. तर १९५० ते ५२ या काळात बी. बी. लाल यांनी हस्तिनापूरला उत्खनन केलं. महाभारताशी ज्या थराचा संबंध त्यांनी जोडला, त्यात करड्या रंगाची चित्रित भांडी निघाली, कुडाच्या आणि मातीच्या भिंती निघाल्या. चांगलं नांदतं गाव होतं. पण चार लाख हत्ती बांधायला जागा असलेलं नव्हतं.

मग व्यासांनी थापा मारल्या का? मला तसं वाटत नाही. हे आकडे नीट उलगडून बघा. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, याला म्हणायचं ‘पत्ती’. तीन पत्तींचं एक सेनामुख. तीन सेनामुखांचा गुल्म. मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दर पायरीला तीननं गुणायचं. सात वेळा तिप्पट केली की २,१८७ येतात, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी, म्हणून २१,८७०. हा आकडा कुणी छावणीत फिरून मोजलेला नाही. हा पाढा आहे! आणखी गंमत सांगतो. २१,८७० यातले अंक मिळवा. दोन, एक, आठ, सात, अठरा. ६५,६१० चे मिळवा, अठरा. १,०९,३५० चे मिळवा, अठरा. पर्वं अठरा, दिवस अठरा, गीतेचे अध्याय अठरा, अक्षौहिणी अठरा. कवीला हातात अठरा घेऊन काहीतरी विणायचं होतं आणि ते त्यानं सुरेख विणलं. त्याला हजेरीपट समजून वाचणारे आपणच. कवितेला वैरणीचं बिल मागितलं तर चूक मागणाऱ्याची, पण कवितेलाच हजेरीपट म्हणून मिरवायला लागलं की मग बिल मागावंच लागतं.

रामायणाचं एक उदाहरण पटकन सांगून पुढं जातो. युद्धकांडात रावणाचे हेर शुक आणि सारण वानरसेनेची माहिती घेऊन येतात. आकडा सांगताना कोटीवर भागत नाही. शंकू, महाशंकू, वृंद, पद्म अशी चढण सुरू होते, दर पायरी आधीच्या पायरीच्या लाखपट. दोनचार पायऱ्यांतच पृथ्वीवर उभं राहायला जागा उरत नाही. रावणानं दोघांना झापलं आणि हाकलून दिलं. मला नेहमी वाटतं, या एका प्रसंगात रावण बरोबर होता. (हशा) हेराचा अहवाल आहे तो. पकडले गेलो होतो आणि मार खाल्ला होता, हे झाकायला समोरचं सैन्य मोठंच सांगावं लागतं. आपल्या बखरींतही हेच होतं. हरलेल्याला शत्रू लाखांनी दिसतो, जिंकलेल्यालाही लाखांनीच दिसतो, कारण त्यात त्याचा मोठेपणा.

आता खरी अवघड जागा. लढाई संपल्यावर स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, मेले किती? ज्याला दिसत नाही तो आकडा विचारतोय, हेही ध्यानात घ्या. आणि युधिष्ठिर, ज्यानं जन्मात एकच खोटं तेही अर्धंच बोललं, तो सांगतो, १६६ कोटी आणि वर वीस हजार.

अठरा अक्षौहिणींत माणसं किती? हत्ती, रथ, स्वार, पायदळ असे सगळे एकेक मोजले तर ३९,३६,६००. चाळीस लाखसुद्धा नाहीत. रथात सारथी, हत्तीवर माहूत आणि दोनचार योद्धे धरून वाढवा, साठ लाख म्हणा, ऐंशी म्हणा. ऐंशी लाख लढायला गेले आणि १६६ कोटी मेले! १९०० सालच्या सुमाराला सगळ्या जगाची लोकसंख्या १६० कोटींच्या आसपास होती. लढाई अठरा दिवस. रोज बारा तास धरा. चौदाव्या दिवशी रात्रीही लढले, ते सोडून देऊ. तर दर सेकंदाला दोन हजार एकशे पस्तीस माणसं मरायला हवीत. बाण सोडायला तरी वेळ मिळाला असेल का? हा आकडा कुणी मागाहून घुसडला असंही म्हणायची सोय नाही. भांडारकर संस्थेनं १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून जी चिकित्सक आवृत्ती केली, हस्तलिखितं ताडून पाहून कितीतरी श्लोक तळटीपेत टाकले, तिच्यातही हा आकडा आपल्या जागेवर शाबूत आहे.

पण त्याच्या पुढचा आकडा ऐका. युधिष्ठिर म्हणतो, आणि ज्यांचा पत्ता लागत नाही असे वीर २४,१६५.

मेलेल्यांचा आकडा कोटीत आणि हरवलेल्यांचा एकावर एक मोजलेला. एकशे पासष्ट! एकशे साठ नाही, एकशे सत्तर नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. परगावच्या मित्राला फोन करून वाचून दाखवलं, तोही हसला. मग काही वर्षांनी परत वाचलं तेव्हा हसू आलं नाही. ते का ते सांगतो.

आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. घराघरातून माणूस फौजेत गेलेला. अशा गावात मेलेला माणूस आणि बेपत्ता माणूस यात काय फरक असतो, ते तिथल्या बायकांना विचारावं. मेला म्हणून तार आली की रडता येतं, दिवस घालता येतात, पुढं जगायला लागता येतं. ‘बेपत्ता’ म्हणून आली की कुंकू लावायचं का नाही इथपासून प्रश्न. दारावर थाप पडली की काळजात धस्स. मेलेल्यांचा हिशेब राजा ढोबळ ठेवू शकतो. बेपत्तांचा हिशेब घरात ठेवला जातो आणि तिथं एकशे पासष्टाचे एकशे चौसष्ट होत नाहीत. स्त्रीपर्व हे बायकांचं पर्व आहे. रणांगणावर नवरा शोधत हिंडणाऱ्या बायका, धड सापडतं पण शिर सापडत नाही, असं सगळं त्यात आहे. त्या पर्वात हा आकडा येतो. तो कुठून आला असेल हे मला माहीत आहे असा माझा दावा नाही. पण व्यासाच्या सगळ्या संख्यांत हीच एक अशी आहे की जिला पाढ्याचा वास येत नाही. तिचे अंक मिळवून बघा. दोन, चार, एक, सहा, पाच. अठरा.

(सभागृहात हशा, मग टाळ्या.)

हां, बघा! मीही तुमच्यासारखाच फसलो होतो. एवढं गहिवरून बोललो आणि शेवटी तोच अठरा निघाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एका मुलीनं वर्गात उभं राहून मला हे दाखवलं. तेव्हापासून मी ही बेरीज भाषणातच करून टाकतो, म्हणजे कुणी मागनं करायला नको. आकडा कवीचा, हे मान्य. पण बेपत्तांची यादी वेगळी करावी हे कवीला सुचलं, त्याचं मोल माझ्या लेखी त्या बेरजेनं कमी होत नाही.

धृतराष्ट्र पुढं विचारतो, तुला हे कसं कळलं? युधिष्ठिर सांगतो, वनवासात तीर्थयात्रेच्या वेळी लोमश ऋषी भेटले होते, तेव्हा स्मृती मिळाली, ज्ञानयोगानं दिव्यदृष्टी मिळाली. थोडक्यात, माहितीचा स्रोत विचारू नये. (हशा) पण पुढं त्यानं जे केलं ते बघा. विदुर, संजय, धौम्य, युयुत्सू यांना बोलावून सांगितलं, ज्यांना कुणी नातेवाईक उरलेला नाही त्यांचंही दहन नीट करा, एकही शरीर बेवारस जाता कामा नये. लाकडं, तूप, वस्त्रं आणवली. वैरणीचा प्रश्न अठरा दिवस कुणी विचारला नव्हता, लाकडाचा मात्र विचारावा लागला.

आपल्याकडं पानिपतानंतर एका सावकाराचं पत्र फार गाजलं. दोन मोती गेले, मोहरा गेल्या, आणि चिल्लर किती गेली त्याची गणतीच नाही, अशा अर्थाचं. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा सत्तावीस, त्या मोजलेल्या. चिल्लर म्हणजे कोण? चिल्लर म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा. महाभारतात एका रथामागं पाच पायदळ आहेत हे आत्ताच आपण मोजलं. रथातल्या माणसांची नावं तुम्हाला पाठ आहेत, त्यांच्या शंखांची नावंसुद्धा पाठ आहेत. पायदळातलं एक नाव सांगा बघू. एक?

बरं. आता तुम्ही म्हणाल, हा सगळा गमतीचा मामला. कुणाचे हत्ती किती, त्यानं आमचं काय बिघडतं? बिघडतं. या गावात एकदा फार बिघडलं होतं.

परशुरामानं पृथ्वी एकवीस वेळा नि:क्षत्रिय केली, ही कथा तुम्ही ऐकलेली आहे. साधा प्रश्न आहे. पहिल्या वेळी नि:क्षत्रिय झाली असेल तर दुसऱ्या वेळी मारायला कोण होतं? आणि एकवीस वेळा झाल्यावर पुढं राम कुठून आला? परशुराम भीष्माशी लढला, म्हणजे भीष्म होता. सीता, द्रौपदी, अंबा यांच्या स्वयंवरांना मांडव भरून राजे येतात ते कुठले? एकवीस वेळा साफ करूनही जे राहतं त्याला आपल्याकडं हरळी म्हणतात. (हशा)

हा प्रश्न मी काढलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली. तीत त्यांनी एकेका अवताराची अशीच उलटतपासणी केली आहे. मासा कसा बोलला, कासवाच्या पाठीवर काय काय मावलं, अशी. परशुरामापाशी आल्यावर त्यांनी कमाल केली. परशुराम चिरंजीव आहे ना? मग त्यांनी त्याला चक्क नोटीस काढली. तारीख १ ऑगस्ट १८७२. सहा महिन्यांच्या आत हजर व्हावं! मराठीत एवढी गंभीर चेष्टा मी दुसरी वाचलेली नाही. वकिली भाषेत देवाला बोलावणं, तेही पत्ता-तारखेसह.

आणि कथेतली खरी मेख महाभारतानंच शांतिपर्वात ठेवलेली आहे. तिथं पृथ्वी कश्यपाला सांगते की अहो, सगळे मेलेले नाहीत, मी काही लपवून ठेवलेत. एक राजपुत्र ऋक्षवान पर्वतावर अस्वलांनी सांभाळला. एक गोठ्यात वासरांच्या बरोबर वाढला. एक पराशरांच्या आश्रमात शूद्राची कामं करत राहिला, म्हणून कुणी ओळखला नाही. एकाला गृध्रकूटावर वानरांनी जपलं. काहींना समुद्रानं ठेवून घेतलं. त्यांना परत बोलवा, म्हणजे माझं रक्षण होईल, असं पृथ्वी म्हणते. म्हणजे ज्या पोथीत एकवीस वेळा मारले, त्याच पोथीत वाचले कसे त्याची यादीही आहे. कुणाला वैरण कुणी घातली, हेसुद्धा इथं सांगितलंय, आज्जीचा प्रश्न व्यासाला पडला होता बघा.

पण सोयीचं तेवढं वाचणाऱ्यांनी पहिलं पान घेतलं आणि हे पान चिकटवून टाकलं. त्यात पुराणातली दुसरी एक ओळ जोडली, नंदांपाशी क्षत्रिय संपले अशी. म्हणजे कलियुगात दोनच वर्ण, पहिला आणि शेवटचा. गोष्टीतल्या कत्तलीचा व्यवहारात असा उपयोग झाला. शिवाजी महाराजांना १६७४ साली राज्याभिषेकासाठी काशीहून गागाभट्टांना आणावं लागलं, त्यामागं हाच वाद होता. आणि आपल्या गावात १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात, तेव्हा पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त म्हणत असल्याचं राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या नजरेला आणलं. छत्रपतींच्या गादीवर बसलेला माणूस, संस्थानाचा धनी, आणि त्याच्या आंघोळीला कोणते मंत्र हे एका युद्धकथेवरून ठरतंय! राजोपाध्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. १९०२ साली त्यांची इनामं गेली. वाद महाराष्ट्रभर पेटला. १९२० साली महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर क्षात्रजगद्गुरू नेमला, तोवर हे धुमसतच होतं. एकवीस वेळा झाली की नाही कुणी पाहिलेलं नाही, त्या लढाईची जखम खरीखुरी पंचगंगेच्या घाटावर झाली.

म्हणून मी म्हणतो, या कथा हसून वाचाव्यात, पण नीट वाचाव्यात. फुले हसले, कारण रडून कुणी ऐकत नव्हतं.

आता टेंबलाईचं राहिलं, ते सांगून थांबतो. मेंढरं पुन्हा देव झाली. विजयाचा सोहळा सुरू झाला. सगळ्यांना बोलावणी गेली आणि जिनं सोडवलं त्या त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, पूर्वेच्या टेकडीवर जाऊन गावाकडं पाठ फिरवून बसली. मग अंबाबाई स्वतः लवाजम्यानिशी तिची समजूत काढायला गेली. म्हणून ललित पंचमीला अजून पालखी टेंबलाईला जाते आणि कुमारिकेच्या हस्ते कोहळा फुटतो.

मंडळी, योगदंडावर माझा विश्वास नाही. मेंढरांवर नाही. पण बोलवायचं राहिलं, यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. (हशा) भावकीतली कुठली जत्रा, कुठलं लग्न याशिवाय पार पडलंय? लढाईत राबलेल्या बाईला जेवणाच्या वेळी विसरणं, हा सगळ्या पुराणातला सगळ्यात खात्रीलायक मजकूर आहे. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घेऊन पी ढबाकच्या तालावर बायका टेंबलाईची टेकडी चढतात ना, त्या गर्दीत दहा जणींना विचारून बघा. देवी का रुसली हे कुणालाच समजावून द्यावं लागत नाही.

चिठ्ठ्या आल्यात त्यातल्या दोन घेतो.

पहिली, ‘तुमचा देवावर विश्वास आहे का?’ हा प्रश्न आमच्या घरी आज्जीपासून सगळ्यांनी विचारून झाला. आज्जीचं म्हणणं, त्याचा तुझ्यावर असला म्हणजे झालं.

दुसरी. अक्षर बाईचं दिसतंय. ‘एवढी चिकित्सा करता, तर कोहळा पंचमीला जाता का?’ जातो की. दरवर्षी जातो. कोहळा फुटल्यावर त्याची फोड मिळवायला जी झुंबड उडते ती मी आज सांगितलेल्या सगळ्या युद्धांपेक्षा खरी असते. पोलीस असतात, रेटारेटी असते, चपला हरवतात. गेल्या खेपेला एक फोड माझ्या हाताला लागली होती. एवढीशी. वर बघतोय तोवर शेजारच्या म्हातारीनं ती अलगद काढून घेतली आणि पदराला बांधली. मी म्हटलं, ‘मावशी, माझी होती.’ तर म्हणाली, ‘तुला कशाला रं? तू पँटवाला.’